सारातलं तांबं

मध्यभारत राज्य झालं तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी बदललं ते वडिलांचं राहणं. ते दरबारच्या महसूल कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, नोकरी टिकली, पण नव्या राज्याला राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. फायली पेट्यांत भरून जायच्या आणि फायलींबरोबर वडीलही जायचे. वर्षातले सहा-सात महिने इंदूरला मल्हारगंजाच्या मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या घरात आई, काकू, धाकटी बहीण आणि मी असे चौघंच असायचो. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बाजारहाट, दळण, पोस्ट, कल्हई ही बाहेरची कामं माझ्याकडे असत.

काकू म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका संस्थानच्या फौजेत होते. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले आणि पुढे फक्त तार आली. मूलबाळ नव्हतं. काकू आमच्याकडेच राहिली आणि हळूहळू सगळा स्वयंपाक तिच्या हातात गेला. तेव्हा ती चाळिशीच्या आत-बाहेर असेल, पण नजर अधू झाली होती. डोळ्यांत खुपऱ्या होत्या. डॉक्टर पापणी उलटून तिच्यावर मोरचुदाचा खडा फिरवायचे. पुढे तिने तसा खडा घरीच आणून ठेवला, काडेपेटीत, कापसात गुंडाळून. आठवड्यातून एकदा बहीण तो तिच्या पापण्यांवर फिरवायची आणि मग काकू बराच वेळ डोळ्यांवर ओला पदर धरून भिंतीला टेकून बसायची. तांदळातले खडे तिला दिसत नसत, पण बोटांना लागत. आमच्या घरी भातात कधी खडा आला नाही.

त्या वर्षी मला रसायनशास्त्राचं वेड लागलं होतं. आमचे सर उतारवयाचे होते. इंग्रजीत शिकवायचे आणि महत्त्वाचं आलं की हिंदीवर यायचे. एका तासाला त्यांनी मोरचुदाची पूड परीक्षानळीत तापवली. निळा रंग गेला आणि पांढरी भुकटी उरली. थेंबभर पाणी टाकल्यावर ती परत निळी झाली. सरांनी विचारलं, निळं काय आहे? आम्ही म्हणालो, तांबं. सर म्हणाले, "तांबा अकेला नहीं, साहब. तांबे के आसपास जो बैठा है, वो भी."

मग त्यांनी फळ्यावर मधोमध तांब्याचा आयन काढला आणि चार बाजूंना पाण्याचे चार रेणू. नेहमीच्या बंधात दोन्ही अणू एकेक इलेक्ट्रॉन घालतात. इथे तसं नाही. पाण्यातल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनची एक जोडी असते, ती कुणाच्या कामाची नसते. धातूच्या आयनाकडे जागा रिकामी असते. ऑक्सिजन आपली जोडीच्या जोडी पुढे करतो आणि बंध तयार होतो. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बाजूचे. तांब्याभोवती असे चार बसतात, कोबाल्टभोवती सहा. मग सरांनी मोरचुदाच्या फिक्या निळ्या द्रावणात अमोनिया घातला. आधी फिका निळा गाळ आला. आणखी घातला तसा गाळ विरला आणि नळीत गडद, शाईपेक्षाही दाट निळा रंग चढला. अमोनियातल्या नायट्रोजनची जोडी पाण्यापेक्षा जोरकस, तो पाण्याला उठवून त्याच्या जागी बसतो, असं सर म्हणाले. या बसणाऱ्यांना लिगंड म्हणतात हे आम्हाला फार पुढे कळलं. आमच्या पुस्तकात तो शब्द नव्हता. अशा संयुगांना आम्ही नुसतं 'कॉम्प्लेक्स' म्हणायचो.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कचेऱ्या इंदूरला आल्या आणि वडील घरी आले ते बहिणीचं स्थळ घेऊनच. ती अठराची होती, इंटरची परीक्षा दोन महिन्यांवर. मुलगा रेल्वेत होता आणि त्याचे आईवडील देवासला राहायचे. आईला स्थळ फार आवडलं होतं. काकूने एकदाच, भाकरी थापता थापता, आईला म्हटलं होतं की पोरीला एवढी परीक्षा देऊ द्या, लग्न काय पळून जातंय? आईला ते लागलं. ज्यांना स्वतःची मुलं नाहीत त्यांना हे बोलणं सोपं असतं, असं ती मला नंतर म्हणाली. काकू पुन्हा बोलली नाही.

रविवारी मुलाचे आईवडील आणि मामा-मामी जेवायला यायचे ठरले. काकूने आठ दिवस आधीच सांगून ठेवलं की सगळ्या पितळी भांड्यांना कल्हई करून आण. मी दोन पातेल्या आणि परात पोत्यात घालून सायकलवरून मल्हारगंजात नेली. मोठं पातेलं सायकलवर मावेना, म्हणून ते दुसऱ्या दिवशी नेऊ असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी कल्हईवाला कुठल्याशा लग्नाला गेला होता. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून उशिरा आलो. प्रॅक्टिकलची परीक्षा पंधरा दिवसांवर होती, मी धातूंच्या परीक्षांचे तक्ते पाठ करत होतो आणि पातेलं माझ्या डोक्यातून पार गेलं.

शनिवारी दुपारी काकूने स्वयंपाकघरातून विचारलं, "मोठ्या पातेल्याला कल्हई केलीस ना रे? सार त्यातच करावं लागेल, माणसं आठ आहेत."

मी वहीतून मान वर केली नाही. म्हटलं, "हो, झाली."

खोटं बोलायचं म्हणून मी बोललो नव्हतो. ते वाक्य तोंडातून गेलं आणि क्षणभराने मला आठवलं की झालेली नाही. उठून सांगायला दहा पावलं होती. काकू चिडली नसती, दुसऱ्या भांड्यात केलं असतं. पण मी तो तक्ता संपवून मग सांगू म्हटलं, आणि तक्ता संपल्यावर मित्र बोलवायला आला.

काकूचं चिंचेचं सार ओळखीपाळखीत नावाजलेलं होतं. ती ते आदल्या संध्याकाळीच करायची, मुरलं की चव येते म्हणून. चिंच, गूळ, जिरं, कढीलिंब. ते त्या पितळी पातेल्यात रात्रभर झाकून राहिलं.

रविवारी साडेअकराला पानं मांडली. काकू पाहुण्यांसमोर आली नाही. विधवेने अशा वेळी पुढे येऊ नये ही तेव्हाची रीत होती आणि तिने ती न सांगता पाळली. एरवी आई आणि ती शेवटी एकत्र जेवायच्या, पण त्या दिवशी मुलाच्या आईने आग्रह करून आमच्या आईला आपल्याबरोबर बसवलं. सगळ्यांचं झालं की जेवायचं म्हणून काकू आत थांबली. आम्ही सार वाटीवाटीने प्यायलो. मला जिभेवर काहीतरी तुरट, नाण्यासारखं लागलं. ते कशाचं आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण पाहुणे वाखाणत होते, मीही वाटी पुढे केली.

पानं उठून अर्धा तास झाला नसेल. आधी मामा मोरीकडे धावले, मग मुलाचे वडील, मग बहीण. मग आम्ही सगळेच. पोटात पीळ आणि उलट्या. अंगणात, मोरीत, जिथे जागा मिळेल तिथे माणसं वाकलेली. मुलाची आई भिंतीला धरून म्हणाली, "सार पितळेला कळकलं होतं का हो?"

आमची आई ओकाऱ्या आवरत म्हणाली, "छे हो, नवी कल्हई आहे. परवाच केली."

मी तिथेच, तिच्यापासून दोन हातांवर होतो. मीही वाकलेलोच होतो. तेव्हा बोलण्याची शुद्धच नव्हती असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण शुद्ध होती. आईचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले आणि अजूनही आठवतात.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी मिठाचं पाणी पाजून पोटं रिकामी करवली, मग दूध द्यायला सांगितलं. जेवणातून काहीतरी विषारी गेलंय, म्हणाले. कुणी रांधलं, कोण कोण जेवलं, असं विचारलं. काकू चुलीजवळ उभी होती. डॉक्टरांनी साधेपणाने विचारलं, "या नाही जेवल्या?" तिने मानेनेच नाही म्हटलं. मामांनी आपल्या बहिणीकडे, मुलाच्या आईकडे पाहिलं. संध्याकाळी त्या चौघांना टांग्यात बसवून स्टेशनवर पोचवलं तेव्हा स्थळ मोडलं हे सांगायची गरज राहिली नव्हती.

डॉक्टरांनी उरलेलं सार औषधाच्या बाटलीत भरून ठेवायला सांगितलं होतं. बाटली भरून झाल्यावर बाकीचं काकूने ओतून दिलं, पातेलं राखेने घासलं आणि फळीवर पालथं घातलं. तिने रोज जे केलं असतं तेच केलं. पण दुसऱ्या दिवशी आई अंथरुणावरून म्हणाली, "एवढी घाई होती भांडं घासायची?"

मोठी माणसं दिवसभरात सावरली. बहीण मात्र दोन दिवस उठली नाही. पोटात काही ठरेना, ओठ पांढरे पडले होते. आई तिच्या उशाशी बसून होती आणि घाबरली होती. तेव्हा ती जे बोलली त्याचा काही भाग मी त्या भीतीच्या खात्यात टाकतो. काकू पेज करून आणायची, आई वाटी तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवायची आणि मला दुसरी करायला सांगायची. मी करायचो.

सोमवारी वडिलांनी ती बाटली माझ्या हातात दिली. ते न्यायी माणूस होते. उगाच कुणावर संशय घ्यायचा नाही, म्हणाले, तुमच्या कॉलेजात तपासता येत असेल तर बघ. मी बाटली दप्तरात टाकली. आत काय सापडणार हे मला ठाऊक होतं. तरी कॉलेजात जाईपर्यंत मी मनात आशा करत होतो की दुसरंच काही निघावं, चिंच नासलेली असावी, गुळात काही मिसळलेलं असावं.

सरांना एवढंच सांगितलं की घरी विषबाधा झाली. त्यांनी लगेच परवानगी दिली. सारात चिंच, गूळ असल्याने आधी ते आटवून नायट्रिक आम्लात जाळावं लागलं. तपकिरी धूर निघत राहिला. उरलेलं पाण्यात घेऊन गाळलं आणि अमोनिया घातला. थोडा तांबूस गाळ खाली बसला, तो गुळाचिंचेतल्या लोखंडाचा. आणि वर, त्या गाळावर, निळा रंग. मोरचुदाच्या नळीत होता तितका गडद नव्हता, पण खिडकीशी धरल्यावर शंकेला जागा नव्हती. आणखी खात्रीसाठी थोडं द्रावण आम्लाकडे वळवून पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब टाकले. लालसर तपकिरी गाळ आला. बाटलीवरचं 'सायनाइड' वाचून शेजारचा मुलगा मागे सरकला. सर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, यात लोखंडाने सहा सायनाइड असे घट्ट धरलेत की ते सुटून कुणाला मारू शकत नाहीत. एरवी मला हे ऐकून आनंद झाला असता.

सरांनी चिंचेचंही सांगितलं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्याला नुसतं खात नाही, दोन-दोन ठिकाणी धरून ठेवतं, खेकडा नांग्यांत धरतो तसं. म्हणून तांबं खाली बसत नाही, द्रावणात राहतं आणि थेट पोटात जातं. मग ते म्हणाले, "तांबा तो मिल गया. आया कहाँ से?" मी म्हटलं, पता नहीं.

घरी वडील आणि आई दोघंही वाट पाहत होते. मी म्हणालो, तांबं निघालं. वडील म्हणाले, कल्हई तर नवी होती. मी दप्तर खुंटीला अडकवलं. मग आईने विचारलं, "मोरचुदात तांबंच असतं ना?"

मी म्हणालो, "मोरचुदात तांबं असतं."

हे वाक्य खरं होतं. माझ्या आयुष्यात मी ज्या खोट्या गोष्टी बोललो त्या सगळ्यांपेक्षा मला या खऱ्या वाक्याची जास्त लाज वाटते. आई उठली, काकूच्या पेटीतून काडेपेटी काढली, कापूस उलगडला. खडा झिजून हरभऱ्याएवढा राहिला होता. काकू दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "वहिनी, जेवढा वापरला तेवढा डोळ्यांना वापरलाय." आई म्हणाली, किती होता ते कुणाला माहीत! बहिणीने अंथरुणातूनच आईला सांगितलं की तो इतकाच होता, मीच तर फिरवते. आईने तिला गप्प बसवलं. थोरल्या दिराने भावजयीशी सरळ बोलायची रीत नव्हती, आणि त्या दिवशी ती रीत वडिलांच्या सोयीचीही होती.

काकूचा भाऊ मानपूरला जंगल खात्याच्या नाक्यावर कारकून होता. काकूने त्याला पत्र टाकायला मला सांगितलं. पत्र तिने सांगितलं आणि मी लिहिलं, कारण तिला लिहिताना दिसत नसे. 'येऊन घेऊन जा,' एवढंच. कारण नव्हतं. पत्र पेटीत टाकताना मी थांबलो होतो, पण टाकलं. शुक्रवारी तो आला. काकूची एक ट्रंक आणि वळकटी. निघताना ती बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर आली आणि मला म्हणाली, पातेलं फळीवर पालथं आहे, काढशील तेव्हा नीट बघून काढ. मला वाटलं, जड आहे म्हणून म्हणते.

पुढचा आठवडा घर शांत होतं. बहीण उठून अभ्यासाला लागली, पण माझ्याशी बोलेना, कारण मी आईच्या बाजूने आहे असं तिला वाटत होतं. भातात खडे लागू लागले. मी रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज कारण सापडायचं. एकदा वडील थकून आले होते, एकदा आईचं डोकं दुखत होतं, एकदा माझीच परीक्षा होती.

परीक्षा संपली त्या दिवशी सरांनी मला थांबवलं. बाटलीचं पुढे काय झालं ते त्यांना हवं होतं. मी म्हटलं, घरात मोरचूद होतं, घरच्यांना वाटतं की त्यातलं असावं. सरांनी चष्मा काढला. वाटतं कशाला, म्हणाले, तपासून बघ. मोरचुदात जस्त नसतं. पितळेत असतं. तुझ्या द्रावणात जस्तही अमोनियाशी कॉम्प्लेक्स करून बसलं असेल, पण त्याला रंग नसतो, तांब्याच्या निळ्यामागे ते दिसायचं नाही. आधी तांबं काढ.

उरलेलं द्रावण मी ठेवलं होतं. ते आम्लात घेऊन त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा एक वायू सोडला. तांबं काळं होऊन खाली बसलं. ते गाळून, उकळून, अमोनिया घालून परत वायू सोडला. पांढरा गाळ आला. जस्त होतं. सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "पीतल है. बरतन की कलई गई होगी. घर जाकर आज ही बता दो."

मला ते शोधून काढायचं नव्हतं, मला ते पहिल्यापासून माहीत होतं. पण सरांनी 'आज ही' म्हटलं आणि मी सायकल काढली. वाटेत कुठे थांबलो नाही.

वडील नुकतेच कचेरीतून आले होते. मी फळीवरून पातेलं काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. आतून पिवळं होतं, तळाशी तांबूस डाग, काठाच्या वळणात हिरवट रेघ. कल्हईचा पांढरेपणा कुठे नखाएवढाही नव्हता. त्यांनी बोट फिरवलं.

"तू हो म्हणाला होतास," ते म्हणाले.

"हो."

"मग इतके दिवस?"

त्यांनी हात उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पातेलं बाजूला सरकवलं आणि विचारलं की आईला मी सांगतो की तू सांगतोस. मी सांगितलं. आई ऐकत होती. मधेच म्हणाली, पण भांडं तिनेच घासलं ना. मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती आत गेली, सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. दिवेलागणीपर्यंत बसली होती.

रविवारी वडील आणि मी मानपूरला निघालो. बस भंवरकुआंवरून पुढे गेली की तेव्हा दोन्ही बाजूंना शेतंच होती. महू आलं, गेलं. मानपूरला हमरस्त्यालगत काकूच्या भावाचं दोन खोल्यांचं घर होतं. समोरून मुंबईकडचे ट्रक जात, धूळ आत येई. आम्ही ओसरीवर बसलो. काकू दाराच्या आत उभी राहिली. वडील तिच्या भावाकडे तोंड करून, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाले, की आमच्या घरी यांच्यावर अन्याय झाला. दोष मुलाचा, आणि मी घरात बसून होतो म्हणून माझाही. यांनी परत यावं, घर त्यांचंच आहे. वडिलांना हात जोडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग ते काकूच्या भावाबरोबर नाक्यापर्यंत गेले, मला मागे ठेवून. मी काकूच्या पाया पडलो आणि जे वाटभर जुळवलं होतं ते बोलायला लागलो. ती म्हणाली, "मला माहीत आहे रे. त्या दिवशीच कळलं. घासताना बोटांना कळतं, कल्हई गुळगुळीत लागते. नव्हतीच."

मी विचारलं की मग सांगितलं का नाहीस. एका शब्दाने सगळं मिटलं असतं.

"मी सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं असतं? पोरावर ढकलते म्हणाले असते." मग ती म्हणाली, "आणि मला वाटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. पत्र लिहायला बसवलं तेव्हाही वाटलं."

ती रागावून बोलत नव्हती. मला रडू आलं. तिने रडू दिलं, मग चहा करायला उठली. परत येशील का, असं मी चहा पिताना विचारलं. ती नाही म्हणाली. "तुमच्याकडे आता मी जे रांधीन ते प्रत्येक जण आधी जिभेवर ठेवून बघेल. मला तसं रांधता येणार नाही."

ती आली नाही. वडील आणखी दोनदा जाऊन आले. मानपूरला मुलींचं एक लहान वसतिगृह निघालं होतं, तिथे ती स्वयंपाकाला राहिली. पन्नासेक आदिवासी मुली होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचा पगार मिळू लागला, आणि त्यातून तिने महूच्या दवाखान्यात डोळे दाखवले. नवी औषधं आली होती, त्यांनी खुपऱ्या बऱ्याच निवल्या. नजर पूर्वीसारखी झाली नाही, पण खुपणं थांबलं.

बहीण इंटर पास झाली, पुढे बी.ए. झाली, शाळेत लागली. तिचं लग्न तीन वर्षांनी झालं. देवासची माणसं सुटली म्हणून ती कधी कधी हसते, पण माझ्यासमोर हसत नाही. लग्नाला काकू आली. पाहुण्यांच्या पंगतीत बसली. आईने तिला आपल्या हाताने वाढलं, दोनदा वाढलं. दोघी एकमेकींशी लाडू आणि मिरचीपलीकडे बोलल्या नाहीत. काकू दुपारच्या बसने परत गेली, मुलींची संध्याकाळची जेवणं होती म्हणून.

मध्यभारत पुढे मध्यप्रदेशात गेलं, कचेऱ्या भोपाळला हलल्या आणि वडीलही काही वर्षं तिकडे राहून निवृत्त झाले. मी मास्तर झालो, रसायनशास्त्राचाच. आईने माझ्यासमोर त्या दिवसांचा विषय कधी काढला नाही. मला वाटायचं, ती विसरली किंवा विसरल्याचं ठरवून बसली. वडील गेले त्या वर्षी उन्हाळ्यात तिने एक दिवस सकाळी ट्रंक भरली आणि मला मानपूरच्या बसमध्ये बसवून द्यायला सांगितलं. आठ दिवसांसाठी जाते म्हणाली. कपडे मात्र तिने जास्त घेतले होते. ती परतली ते पावसाळा संपल्यावर, वसतिगृहाच्या मुलींना शिकवलेल्या दोन आरत्या गुणगुणत. काकू कशी आहे विचारलं तर म्हणाली, बरी आहे, हात अजून चालतात. पुढच्या उन्हाळ्यात ती परत गेली.